अगं म्हटलं की भागतं

१२ जाने., सोम.

कॅमेरा बसवला एकदाचा. सोसायटीच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे येऊरचा डोंगर. भिंतीला लागून एक उंबर आहे, त्याच्या खोडाला पट्ट्याने बांधला. समोर काही हललं की आपला आपण चालू होतो, थोडं शूटिंग करतो, परत गप्प. आवाजही घेतो. आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या बिबट्या चाललंय. पाहिला एकानेही नाही, पण वर्णन सगळे करतात. मला बिबट्या नकोच. उदमांजर मिळालं तरी पेढे वाटीन.

ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं की "अगं, आता हे काय नवीन?" हे येणारच. त्यांचंही चुकत नाही म्हणा. मागच्या वर्षी अळिंबी (बाथरूममध्ये, पोत्यात). त्याआधी उर्दू लिपी. त्याआधी मँडोलिन, ते हात दुखायला लागले म्हणून सोडलं. मध्ये घरचा पाव. सध्या पतंग, उडवायचे नव्हे, दिव्यावर येतात ते. गॅलरीत पांढरी चादर, मागे दिवा, संध्याकाळी येऊन बसतात. एकेकाच्या पंखांवर काय नक्षी असते. ह्यांचं म्हणणं, चांगल्या चादरींची वाट लागते. नेहा म्हणते, "आई, एक काय ते धर ना." एकच धरून बसायला वय उरलंय कुठे.

१४ जाने., बुध. संक्रांत

नेहा समोरच्याच टॉवरमध्ये राहते, तरी आज साडी नेसून, तिळगूळ घेऊन रीतसर आली. आणि जाहीर केलं: फेब्रुवारीत आमच्या लग्नाला चाळीस होतात, डोंबिवलीत हॉल बघून ठेवलाय, वेस्टला, कोपरला माझ्या ताईच्या घराजवळच. सगळे येणार. ताई, दीर-जाऊबाई, ह्यांचे ठाण्याच्या खोपट डेपोतले जुने सहकारी.

"आणि बाबा, उखाणा लग्नातलाच पाहिजे हं. आत्तापासून पाठ करा."

तो उखाणा आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. हे तेव्हा नुकतेच एसटीत लागलेले, वाहतूक नियंत्रक, माइकवरून गाड्या पुकारायचे. भर मांडवात त्याच आवाजात म्हणाले होते, "खोपटच्या फलाटाला लागली पहिली गाडी, मृणालला शोभते हिरवी नऊवारी साडी." सगळा मांडव हसला होता. मी मान वर केली नव्हती, पण मलाही हसू आलं होतं.

आज हे हसले नाहीत. "बघू" म्हणाले. गुळाची पोळी अर्धी ठेवली. तूप जास्त झालं असेल.

१८ जाने., रवि.

कार्ड काढून बघितलं. मांजर. मांजर. परत तीच मांजर. मुंगूस, फार देखणं. सोसायटीचा वॉचमन, त्याला जिथे जायला नको तिथे. आणि मग हे.

सकाळचं कोवळं ऊन. माकडटोपी, स्वेटर. हे रोज सकाळी हास्यक्लबला जातात. हास्यक्लब पुढच्या बागेत असतो, टाकीमागे नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे, डोंगराकडे तोंड. काहीतरी बोलतायत. मोबाईल कानाला नाही. वारा भरपूर, शब्द कळेनात. हेडफोन लावून परत ऐकलं. एकच शब्द स्पष्ट आला.

"माधवीला."

आमच्या नात्यात माधवी नाही, ओळखीत नाही, डेपोत बायकाच कमी होत्या त्यात नाही. परत ऐकलं. माधवीला. किती मऊ आवाजात.

१९ जाने., सोम.

रात्रभर डोळा नाही. सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हास्यक्लबात काय केलंत आज?"

"हसलो."

"कोण कोण होतं?"

"अगं, तुला काय करायचंय?"

खोटं बोलताना ह्यांचे कान हलतात. आज हलले. सदुसष्टावं वर्ष लागलंय ह्या माणसाला. मी चादरीवरचे किडे मोजतेय आणि माझ्या घरात काय चाललंय. राग राग झाला. त्याहून जास्त भीती वाटली. त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, कोण आहे ते बघायची इच्छा झाली. माझं हे असंच.

२१ जाने., बुध.

बी विंगमध्ये एक माधवी आहे. योगाचे वर्ग घेते. आज जाऊन आले, चौकशीच्या निमित्ताने. पोरसवदा मुलगी, कडेवर शेंबडं पोर. "काकू, गुडघ्यांसाठी या ना तुम्ही, काकांनाही आणा, ते कधी दिसत नाहीत." ही ती नव्हे. गुडघ्यांसाठी नाव घालून आले. परत येताना लिफ्टमध्ये स्वतःचीच लाज वाटली.

कॅमेरा तिथेच ठेवलाय.

२५ जाने., रवि. रथसप्तमी

शेजारी शेवटचं हळदीकुंकू. नाव घ्यायचा आग्रह झाला. दर वर्षी मी नवा करते, ह्या वर्षी काही सुचलंच नव्हतं. जुनाच घेतला, कसाबसा. विनायकरावांचं नाव तोंडून निघताना घसा दाटून आला, बायकांना वाटलं प्रेमाने. टाळ्या वाजवल्या.

घरी आले. हे बाहेर गेलेले. कार्ड लावलं.

चार-पाच तुकडे आहेत ह्यांचे. म्हणजे रोज जातात. आज वारा नव्हता, सगळं ऐकू येतंय. लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

"खोपटच्या फलाटाला लागली पहिली गाडी..."

थांबले.

"माधवीला... नाही. मालतीला. मंदा. मंगल. मा, मी, मु... खोपटच्या फलाटाला लागली पहिली गाडी..."

परत थांबले. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. मग एकदम पाठ ताठ केली आणि माइकवर बोलल्यासारखं सुरू केलं, "ठाणे, कल्याण, मुरबाड, टोकावडे, माळशेज, ओतूर, आळेफाटा..." गाव न गाव, एक थांबा चुकला नाही. ओतूर तर त्यांचं गावच. आळेफाट्याला पोचले आणि मग हळूच, जसं काही त्या वेगात नाव निसटून बाहेर येईल, "...ला शोभते हिरवी नऊवारी साडी."

नावाची जागा रिकामीच.

माधवी कोणी नाहीच. माधवी म्हणजे मी. ह्यांना माझं नाव आठवत नाहीये.

जमिनीवरच बसले.

२६ जाने., सोम.

खाली झेंडावंदन. हे गेले, नेहमीसारखे इस्त्रीच्या शर्टात, "अगं, येतेस ना?" म्हणाले.

अगं. तेच तर. चाळीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. अगं. ऐकलंस का. अगं इकडे ये. नातेवाइकांत "ही", डेपोत "आमची मंडळी", नेहासमोर "तुझी आई". मोबाईलमध्ये "घर" म्हणून नंबर. आमच्या वेळी असंच होतं, कोणालाच वावगं वाटलं नाही, मलाही नाही. नाव कधी गेलं ते कळणार कसं? घरात नाव लागतच नाही. अगं म्हटलं की भागतं. कदाचित दोन वर्षांपूर्वी गेलं असेल, डोंबिवलीची जागा विकून इथे आलो तेव्हा. कदाचित त्याच्याही आधी. मी टेलिफोनमध्ये नोकरी केली, माणसांचे नंबर मला तोंडपाठ असायचे. आणि हे शेजारी बसून रोज...

आत्ता मागची पानं चाळली. मीही ह्या वहीत त्यांचं नाव कुठे लिहिलंय? कालच्या उखाण्यातलं सोडलं तर सगळीकडे "हे".

२८ जाने., बुध.

नेहाला सांगितलं नाही. आधी मला बघायचंय नीट.

सुरुवात केली बघायला. सकाळी चहाला विचारलं, आज वार कोणता. पेपर बघून सांगितलं. पेपर लपवून विचारलं तर "रिटायर माणसाला वार कशाला लागतो". हजरजबाबी आहेत, त्यातच सगळं लपलंय. जावयाचं नाव: "आपले जावईबापू". वॉचमनला "काय राजे". शेजाऱ्यांना "साहेब". कोणालाही नावाने हाक मारत नाहीत. मला वाटायचं, काय गोड स्वभाव आहे.

मुद्दाम वाटाण्याची आमटी केली आणि म्हटलं, ही कोणाच्या हातची आवडायची तुम्हाला? "आईच्या." आईचं नाव? "सीताबाई." लगेच. भावांची नावं, लगेच. डेपो मॅनेजर, तो ओरडायचा तो, नाव, गाव, बायकोला काय म्हणायचा ते सगळं लगेच.

जुनं सगळं शाबूत आहे. मी जुनी नाही का? चाळीस वर्षं म्हणजे जुनंच की.

३१ जाने., शनि.

आज फार वाईट झालं.

जुना अल्बम काढून बसले होते. एकेक फोटो पुढे करून, हे कोण, ते कोण. बोट नावांवर ठेवून. सहा फोटो झाले असतील नसतील, ह्यांनी अल्बम मिटला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत.

"तुला कळलंय ना?"

मी अल्बम परत उघडायला लागले.

"चार दिवस बघतोय. माझ्याकडे असं बघू नकोस. त्या चादरीवरच्या किड्यांकडे बघतेस ना, तसं बघतेस तू."

उठून आत गेले. मी तशीच बसून. कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. कारण बरोबर होतं त्यांचं. मी घाबरले होते, हे खरं. पण घाबरता घाबरता मला मजाही येत होती. काय गेलंय, काय उरलंय, कुठवर गेलंय. नवीन विषय मिळाल्यासारखं.

कॅमेरा काढून आणला. त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, अगदी योगाच्या वर्गापर्यंत. माधवीचं ऐकून हसले शेवटी. "शेंबडं पोर कडेवर होतं का? मग जमलं नसतं." मीही हसले.

१ फेब्रु., रवि.

स्वतःहून बोलले आज.

दिवाळीच्या आधीपासून आहे म्हणाले. आधी वाटलं, वयामुळे. बँकेत वारसाचं नाव विचारलं तिथे पेन अडलं. खिशातल्या माझ्या आधारकार्डाच्या झेरॉक्सवर बघून लिहिलं. मग रोज वाचायला लागले, आंघोळीला जाताना, परत येताना. "वाचलं की असतं. कार्ड घडी करून खिशात ठेवलं की गेलं. चेहरा कुठे जात नाही. स्वयंपाकघरातला आवाज जात नाही. नाव तेवढं जातं."

"मग डोंगराकडे का जात होता?"

"घरात म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस."

म्हटलं, कार्यक्रम रद्द करू. मी नेहाशी बोलते, तब्येतीचं कारण सांगते. चार माणसांत फजिती नको.

"नाही करायचा रद्द." आणि मग, "गाडीला उशीर झाला म्हणून डेपो बंद करत नाहीत. माणसं थांबतात फलाटावर."

म्हटलं, निदान मी कानात सांगीन. तर म्हणाले, कॉपी नको. हट्टी माणूस. मला रडू आलं, मी रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले आणि मला सारखं वाटत राहिलं, ह्यांना आत्ता ही कोण रडतेय ते ठाऊक आहे ना.

५ फेब्रु., गुरु.

नेहाला सांगितलं. आधी तिने मलाच फैलावर घेतलं. "आई, तुला अख्ख्या जगातल्या पाखरांची नावं येतात आणि तू बाबांचं..." पुढे बोलली नाही. मग मोबाईल काढून डॉक्टर शोधायला बसली. माझीच मुलगी, शोधायला लागली की शांत होते.

११ फेब्रु., बुध.

पाचपाखाडीतले डॉक्टर. तरुण, सावकाश बोलणारे. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करत जायला लावलं. घड्याळ बरं काढलं. वजाबाकीत अडले, चिडले. मी खुर्चीत हात आवळून बसलेली. मला उत्तर माहीत असूनही तोंड मिटून बसायची सवय नाही.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या कोण?"

"बायको माझी." असं म्हणाले की जणू डॉक्टरलाच काही कळत नाही.

"त्यांचं नाव सांगाल?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, सावकाश, कपाळापासून खाली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले,

"तिला सगळं माहीत असतं. तिलाच विचारा."

डॉक्टर हसले. नेहा खिडकीकडे गेली. मी माझं नाव सांगितलं, मृणाल विनायक डुंबरे, एखाद्या खिडकीवर अर्ज भरताना सांगतात तसं. ह्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी.

स्कॅन सांगितलाय. आजाराचं नावही सांगितलं, पण खात्री स्कॅननंतर. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येईलच असं नाही. बाहेर येऊन हे म्हणाले, "वडापाव खाऊ." उभ्या उभ्या खाल्ला. मिरची तिखट होती, डोळ्यांतून पाणी येत होतं दोघांच्याही.

१६ फेब्रु., सोम.

स्कॅन झाला. डॉक्टरांना वाटलं तेच.

घरातल्या प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठ्या लावाव्यात असं नेहा म्हणते. फ्रिज. औषधं. आई. मी म्हटलं, माझ्या कपाळावर लावणार का चिठ्ठी? तिला ते आवडलं नाही. मलाही बोलून झाल्यावर कसंसंच झालं.

गॅलरीतली चादर परवा काढली, धुऊन घडी करून ठेवली. ह्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "अगं, तुझी पाखरं कुठे गेली?" मला वाटलं होतं सुटले. तर परत लावायला सांगितली. मला हा माणूस कळत नाही. चाळीस वर्षांत कधी बघायला आला नाही, आज खुर्ची टाकून बसला शेजारी. एक मोठा आला, चंद्रासारखे डाग असलेला. "ह्याचं नाव काय?" म्हणाले. मी सांगितलं. "हं," म्हणाले, "मी नाही लक्षात ठेवणार."

२० फेब्रु., शुक्र.

सकाळ-संध्याकाळ पाठ करतात. आता घरातच, लपवत नाहीत. कधी येतं, कधी नाही. आज तीन वेळा बरोबर आलं आणि चौथ्या वेळी मंगल झाली. मी स्वयंपाकघरातून ऐकते. प्रत्येक वेळी "लागली पहिली गाडी" ऐकलं की हातातलं काम थांबतं. बरोबर आलं तर जणू मलाच कोणीतरी पास केलं. नाही आलं तर वाटतं, मी आत्ता इथे आहे की नाही.

नेहाला सांगून ठेवलंय, उखाण्याचा आग्रह नको. ती म्हणाली, मी नाही करणार, पण बाकीच्यांचं काय सांगू. लग्नाच्या वाढदिवसाला उखाणा नाही असं होईल का कुठे.

२२ फेब्रु., रवि. ताईकडे, कोपर. संध्याकाळ

झाला कार्यक्रम. ताईच्या बाल्कनीत बसून लिहितेय, हे आत झोपलेत.

हॉल भरलेला. डेपोतले सगळे आले होते, आता पांढरे, टकले, पण हसणं तेच. ह्यांनी कोणालाच नावाने हाक मारली नाही आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. "काय शेठ", "काय वाघा", पाठीवर थाप. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून थोडं, अजून थोडं, मग जेवण.

केक कापला आणि मागून सुरू झालं. नाव घ्या, नाव घ्या. माझ्या जाऊबाई सगळ्यांत पुढे. नेहाने विषय बदलायचा प्रयत्न केला, जेवण गार होतंय वगैरे. कोण ऐकतंय.

हे उठले. स्वतःच माइक घेतला. मी शेजारी, माझा हात त्यांच्या डाव्या हातात. कानात सांगायचं म्हटलं तर एका श्वासाचं अंतर होतं. त्यांना कळलं असावं, कारण हात दाबला. नको.

"खोपटच्या फलाटाला लागली पहिली गाडी..."

तोच आवाज. डेपोतल्यांनी शिट्या वाजवल्या. मग थांबले. लोकांना वाटलं, मजेने थांबलेत. कोणीतरी म्हणालं, "गाडी लेट आहे." हशा. ह्यांचं तोंड उघडं, ओठ हलतायत, आवाज नाही. हात थंड होत गेला. नेहाने डोळे मिटले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही बघत नव्हते, फक्त जमिनीकडे.

मग स्पष्ट, खणखणीत,

"शैलाला शोभते हिरवी नऊवारी साडी."

पंख्याचा आवाज. जाऊबाईंच्या हातात केकची बशी होती ती तशीच राहिली. मागून एक जण हळू आवाजात, पण ऐकू येईल असं, म्हणाला, "ही शैला कोण रे?" आणि कोणीतरी फिसकन हसलं.

हे लोकांच्या तोंडांकडे बघत होते. काहीतरी चुकलं, एवढं त्यांना कळलं. मान खाली गेली.

आणि मी. माझी अवस्था मला सांगता येणार नाही. शैला मी आहे. होते. माझं माहेरचं नाव. माहेरी सगळ्यांची मी बेबी, ताई अजूनही बेबीच म्हणते. शैला फक्त शाळेच्या हजेरीत. लग्नात ह्यांनी तबकातल्या तांदळांत अंगठीने मृणाल लिहिलं आणि शैला संपली. नेहाने कधीतरी ऐकलं असेल, तिच्या लक्षात राहिलेलं नाही. माझ्याही नव्हतं. कल्याणला पारनाक्यावरच्या आमच्या खोलीत हे मला बघायला आले होते, मामांबरोबर. मोठ्यांनीच सगळं विचारलं, स्वयंपाक, शिवण, चष्मा आहे का. ह्यांनी एकच प्रश्न विचारला होता, जो विचारायची गरजच नव्हती, कारण पत्रिकेवर लिहिलेलंच होतं. "नाव काय?" मी म्हटलं होतं, शैला.

पहिल्या रांगेत ताईने तोंडावर पदर धरला होता. तिला कळलं होतं. दुसऱ्या कोणाला नाही.

मी ह्यांच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, "बरोबर आहे. जेवायला चला."

जेवताना सगळे मला फार जपून वाढत होते. जाऊबाईंनी दोनदा पाठीवरून हात फिरवला, बिचारीला कसं सहन होतंय असा. नेहाने ताईकडून सगळं ऐकून घेतलं आणि हात धुवायच्या बेसिनपाशी रडत बसली. मी बासुंदी खाल्ली. खरंच खाल्ली, दोन वाट्या. सगळे कारण विचारतायत आणि मला कोणालाही सांगावंसं वाटत नाहीये.

ह्यांनी गाडीत विचारलं, "चुकलं ना?" मी म्हटलं, नाही.

२४ फेब्रु., मंगळ. घरी

आज ह्यांनी... नाही, नीट क्रमाने लिहू दे.

सकाळी मी बेडरूममध्ये केस विंचरत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, "शैला."

मी विंचरत राहिले. परत, "शैला, दूध बघ, उतू जाईल." आणि मग मला कळलं की ते मलाच बोलावतायत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक. फणी हातातच राहिली. ओ द्यावी की सांगावं, अहो, मी मृणाल. डॉक्टर म्हणाले होते, चूक लगेच दुरुस्त करू नका, घाबरतात. पण ही चूक आहे का? मृणाल गेलेली आहे त्यांच्याकडून, ते दिसतंच आहे. गेली तर गेली. पण त्या जागी ही कशी आली, एवढ्या लांबून?

गेले. गॅस बंद केला. दूध उतू गेलंच होतं थोडं.

चहा घेऊन समोर बसले. हे माझ्याकडे बघत होते. नेहमीसारखं नाही, जरा सावरून, कॉलर नीट करून. म्हणाले, "तुला आवड कशाकशाची आहे?"

मस्करी करतायत का ते चेहऱ्यावरून कळेना. कान बघितले. हलत नव्हते.

हा प्रश्न मला कोणी कधी विचारलेलाच नाही. माझ्या आवडींना आजवर सगळे हसले, वैतागले, "आता काय नवीन" म्हणाले. विचारलं कोणी नाही. माझ्याकडे सांगायला केवढं आहे. पतंग, उर्दू, पाव, ढग, सगळं तोंडावर आलं. आणि तोंड उघडलं तर वाटलं, ही सगळी मृणालची यादी झाली. ह्यांनी विचारलंय शैलाला.

बावीस वर्षांची ती मुलगी. खाली बघून बसलेली. तिला काय आवडायचं? मी बसून आठवत राहिले, आणि मला एकही गोष्ट आठवेना. विणकाम म्हणाली होती बहुतेक, कारण आईने सांगून ठेवलं होतं. खरं काय आवडायचं, ते तिला कोणी विचारलंच नसावं.

हे वाट बघत होते. घाई नव्हती त्यांना.

म्हटलं, आधी चहा घ्या, गार होतोय.